गाण्याची किंमत आणि शाहिराचा वाटा

एका गाण्याची रास्त किंमत किती? २००३ साली अॅपलने आयट्यून्सवर एक गाणे ९९ सेंटला विकायला काढले, तेव्हापासून हा वाद चालू आहे. ना कॅसेट, ना डबा, ना वाहतूक. मग एवढे पैसे कशाचे, असे ग्राहक विचारतो. त्याचे चुकते असे आम्ही म्हणणार नाही. पण आमचा सवाल वेगळा आहे. या पैशांतले लिहिणाऱ्याला किती पोहोचतात?

आमच्या शाहिरांनी वस्त्यावस्त्यांतून गाणी लिहिली, गायली. कॅसेटच्या जमान्यात अनेकांच्या हाती एकरकमी बिदागी पडली आणि हक्क कंपनीकडे गेले. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायदा बदलला. आता हक्क विकले तरी रॉयल्टीतला समान वाटा गीतकार-संगीतकाराकडून लिहून घेता येत नाही. लेखकाच्या निधनानंतरही ६० वर्षे कॉपीराइट टिकतो. वामनदादा कर्डक २००४ साली गेले. म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहे. तो आज कोणाच्या नावावर आहे, हे आपण कधी विचारले काय?

गाणे स्वस्तच हवे. मजुराच्या मोबाईलवरही ते वाजले पाहिजे. परंतु ही स्वस्ताई शाहिराच्या ताटातून काढलेली नसावी. कंपन्यांनी हिशेब उघड करावा. आणि आमच्या तरुण गायक-कवींनी करार वाचल्याशिवाय सही करू नये, रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएससारख्या संस्थेत नाव नोंदवावे. जयंतीला ज्यांच्या गाण्यांवर आपण नाचतो, त्यांच्या घरची चूल पेटते की नाही, हे पाहणे आपलेच काम आहे.