इमानदार फौजदार, पण इमान कुणाशी?

बंगालीत 'शत्रु' नावाचे दोन सिनेमे आहेत. पहिला १९८४ चा. दिग्दर्शक अंजन चौधुरी, हिरो रणजित मल्लिक. दुसरा २०११ चा. दिग्दर्शक राज चक्रवर्ती, हिरो जीत. मध्ये सत्तावीस वर्षं गेली. गोष्टी वेगळ्या, पण दुकानातला माल एकच : इमानदार फौजदार. मी दोन्ही पाहिलेत आणि दोन्ही वेळा शिट्टी मारावीशी वाटली, हेही सांगून टाकतो. सिनेमा भिकार आहे म्हणून मी लिहायला बसलेलो नाही. सिनेमा कामाचा आहे. कुणाच्या कामाचा, एवढंच बघायचंय.

नुस्खा साधा. एक ठाणं. ठाण्यात खाऊन सुस्तावलेले पोलीस. इलाख्यात एक मातब्बर आणि त्याच्या खिशात सगळं ठाणं. मग बदलीवर नवा साहेब येतो. बंगालात ठाण्याच्या साहेबाला 'बडोबाबू' म्हणतात. हा बडोबाबू पैसा घेत नाही. वरून फोन आला तरी ऐकत नाही. गुंडाला भर चौकात तुडवतो. रयत हात जोडून बाजूला उभी. शेवटी खलनायक मेला की ठाणं धुतल्या तांदळासारखं, गाव सुखी आणि आपण पान खायला मोकळे.

दोस्तांनो, नीट बघा. या गावात जात नाही. जमीन कुणाच्या नावावर, मजुरी किती, तळ्यावर कुणाला जाऊ देतात, काही विचारायचं नाही. शत्रू म्हणजे एक माणूस. तो मेला की शत्रू संपला. आणि साहेबाचं आडनाव? १९८४ च्या साहेबाचं नाव शुभंकर सान्याल. सान्याल म्हणजे बंगाली बामन. मंडल नाही, बिस्वास नाही, बाउरी नाही. काठी खाणारी आडनावं गर्दीत, काठी धरणारं आडनाव पोस्टरवर. हे कुणी मुद्दाम ठरवून केलं असंही नाही. ठरवावंच लागत नाही, यालाच तर व्यवस्था म्हणतात.

आता हा रणजित मल्लिक आला कुठून ते बघा. १९७१ साली मृणाल सेनच्या 'इंटरव्ह्यू'मधून तो पहिल्यांदा पडद्यावर आला. त्यात तो साधा पोरगा आहे. विलायती कंपनीत चांगली नोकरी मिळायची आहे, अट एकच : मुलाखतीला साहेबी सूट पाहिजे. लाँड्रीवाल्यांचा संप, स्वतःचा सूट अडकलेला. उसना आणतो, तर बसमधल्या खिसेकापूच्या भानगडीत तोही जातो. धोतर-कुर्त्यात मुलाखतीला जातो आणि नोकरी बोंबलते. मग हा भडकतो आणि दुकानाच्या काचेआडचा सूटबूटवाला पुतळा फोडून काढतो. कलकत्त्यातल्या हजारो बेकार पोरांचा तो राग होता. नोकरी नाही तर नाही, पण तुमचा सूट मी फाडणार.

तेरा वर्षांनी तोच नट, तोच राग, पण अंगात खाकी वर्दी. ज्यानं साहेबाचा पोशाख फाडला त्यालाच सरकारी पोशाख शिवून दिला. माझा मुद्दा इथे आहे. बेकार पोराच्या छातीत धगधगतंय ते विझवायचं नाही, ते उचलायचं आणि वर्दीत भरायचं. म्हणजे पोरगं व्यवस्थेवर चिडणार नाही, व्यवस्थेच्या वतीनं चिडेल. शिट्टी त्याची, काठी सरकारची.

१९७१ आणि १९८४ च्या मध्ये खऱ्या बंगालात पोलीस काय करत होते? जुलै १९७४ मध्ये अर्चना गुहा नावाच्या मुख्याध्यापिकेला नक्षलवादी भावाच्या पायी उचललं, लालबाजारच्या पोलीस मुख्यालयात नेलं आणि असं छळलं की तिची कमरेखालची ताकद गेली. आरोप होता रुणू गुहानियोगी नावाच्या अधिकाऱ्यावर. खात्यात धडाडीचा, न घाबरणारा म्हणून त्याचं नाव. सिनेमातल्या साहेबाचे सगळे गुण. १९७७ साली खटला दाखल झाला. १९८४ साली थिएटरात इमानदार फौजदारावर टाळ्या पडत होत्या तेव्हा हा खटला कोर्टात रखडत पडला होता. साहेबाला बढत्या मिळत गेल्या. १९९६ साली कोर्टानं त्याला एक वर्षाची शिक्षा सुनावली. छळ ते निकाल, बावीस वर्षं. हा सिनेमा कोण काढणार? यात गाणी कुठे टाकणार?

आणि १९७९. मरिचझापी. फाळणीनं देशोधडीला लागलेले, दंडकारण्यात फेकलेले निर्वासित सुंदरबनातल्या त्या बेटावर येऊन वसले. बहुसंख्य नामशूद्र. १९४६ साली जोगेंद्रनाथ मंडलांच्या खटपटीनं बाबासाहेब बंगालमधून घटना समितीवर निवडून गेले, ते ज्या समाजाच्या जोरावर, तोच हा समाज. त्यांनी स्वतःच्या हातांनी शाळा उभारली, होड्या बांधल्या. जानेवारीत सरकारनं जमावबंदी लावली. पोलिसांच्या लाँचा बेटाभोवती फिरू लागल्या. अन्न बंद, पाणी बंद, गोळीबार. मे महिन्यात झोपड्या जाळून उरलेल्यांना हुसकलं. सरकार कुणाचं? डाव्यांचं. मेलेल्यांचा आकडा सरकारी कागदात एक आणि लोकांच्या तोंडी दुसरा, आजतागायत.

मला सांगा, त्या लाँचवरच्या पोलिसांनी लाच खाल्ली होती का? नसेल खाल्ली. त्यातले काही अगदी धुतलेले असतील, घरच्या पैशानं चहा पिणारे. हुकूम आला, इमानानं बजावला. पिण्याचं पाणी इमानानं तोडलं. म्हणून म्हणतो, 'हा प्रामाणिक आहे का' हा आपला प्रश्न नव्हेच. 'हा प्रामाणिक कुणाशी' हा प्रश्न. पैसा न खाणं ही चांगली गोष्ट आहे, पण ती अर्धी गोष्ट आहे. सिनेमा अर्ध्यावर टाळी घेतो आणि उरलेलं अर्धं गिळून टाकतो.

आता दुसरा 'शत्रु'. तो मुळात बंगाली नाहीच. २०१० साली तमिळमध्ये 'सिंगम' आला, सूर्याचा. २०११ या एकाच वर्षात त्याचे तीन भाऊ जन्मले : कन्नडमध्ये 'केंपेगौडा', बंगालीत 'शत्रु' आणि हिंदीत 'सिंघम'. गावाकडल्या ठाण्यातला साहेब शहरातल्या खंडणीबहाद्दराला भिडतो, एवढीच चारही भाषांतली गोष्ट. कारखान्यातून निघालेला एकच ढाचा, प्रत्येक प्रांतात वर फक्त स्थानिक रंग. हिंदीवाल्यांनी आपला साहेब मराठी केला. त्याचं नाव काय ठेवलं? बाजीराव. वा रे वा! फौजदाराला पेशव्याचं नाव, आणि महार-मांगांच्या पोरांनी त्यावर नाचायचं.

त्या 'सिंघम'चा शेवट आठवा. खलनायकाला कोर्टात नेत नाहीत. पोलीस एकत्र जमतात, त्याला उचलून ठाण्यात आणतात आणि तिथेच गोळी घालतात. थिएटर डोक्यावर घेतलं होतं पब्लिकनं. अरे, ठाण्यात आणून मारणं म्हणजे काय हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे? ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेवर लोक रस्त्यावर आले तेव्हा गोळ्या घालून दहा माणसं पाडली. तिथेही कोर्ट नव्हतं. तिथेही साहेबाची सटकलीच होती. सटकलेला पोलीस पडद्यावर गुंडावर सटकतो. पडद्याबाहेर तो कुणावर सटकतो ते वस्तीला विचारा.

पण मी पब्लिकला हसणार नाही. आमच्या चाळीत खालच्या खोलीत बंगाली कारागीर राहतात. मुर्शिदाबादकडले, मुसलमान पोरं. रात्री काम आटोपलं की एका मोबाइलवर पाच डोकी जीतचा सिनेमा बघतात. मीही त्यांच्यातच बसून बघितला. साहेब गुंडाला हाणतो तेव्हा ती पोरं खूश होतात. आणि हीच पोरं बाहेर खाकी दिसली की आधारकार्ड खिशात चाचपतात. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईच्या आसपासून उचललेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी ठरवून सीमेपार ढकललं होतं, मग परत आणावं लागलं. या पोरांना ते तोंडपाठ आहे. मग ती फौजदारावर शिट्ट्या का मारतात? येडी आहेत म्हणून नव्हे. आयुष्यात एकदा तरी ठाण्यात कुणी 'बस, पाणी घे, काय झालं सांग' म्हणावं, एवढीच त्यांची भूक आहे. भूक खरी आहे. तिच्यापुढे टाकलेला घास खोटा आहे. तीन तास पोट भरल्यासारखं वाटतं, बस्स.

खरा बंगाली थरारपट मी सांगतो. त्यात मारामारी नाही. २६ ऑगस्ट १९८६ ला डी. के. बसू या गृहस्थांनी, पश्चिम बंगालमधल्या विधी साहाय्य संस्थेच्या अध्यक्षांनी, सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. पेपरात येणाऱ्या कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या जोडल्या. नुसतं पत्र. सुप्रीम कोर्टानं त्याचीच याचिका केली आणि १८ डिसेंबर १९९६ ला निकाल दिला. अटक करणाऱ्यानं छातीवर स्पष्ट नाव लावावं. अटकेचा कागद तिथल्या तिथे करावा, त्यावर साक्षीदाराची आणि अटक झालेल्याची सही घ्यावी. घरच्यांना कळवावं. कोठडीत दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टरांकडून तपासणी. वकिलाला भेटू द्यावं. अशी अकरा कलमं. सिनेमातल्या साहेबाची नेमप्लेट कशी चकाकते! खऱ्या आयुष्यात ती नेमप्लेट दिसावी म्हणून एका माणसाला पत्र लिहावं लागलं आणि दहा वर्षं थांबावं लागलं.

सिनेमातला इमानदार फौजदार कागद फाडतो. आपल्याला कागद लिहिणारा फौजदार पाहिजे. लिहून घे, बाबा, लिहून घे! आपली आई ठाण्याच्या पायरीवर दिवसभर बसते ती साहेबानं कुणाला तुडवावं म्हणून नाही, तक्रार लिहून घ्यावी म्हणून. दखलपात्र गुन्हा असेल तर लिहून घेणं बंधनकारक आहे, असं सुप्रीम कोर्टानं २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात सांगितलं. फिर्यादीची नक्कल फुकट द्यायची, हे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही कायम आहे. आणि १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याचं चौथं कलम वाचा : दलित-आदिवासी नसलेल्या सरकारी नोकरानं या कायद्याखालचं कर्तव्य जाणूनबुजून टाळलं, तर त्याला सहा महिने ते एक वर्ष कैद. फौजदारालाच आत टाकणारं कलम! यावर सिनेमा निघाला कधी?

शेवटचं, आणि हे भरतीवाल्या पोरांना. आपल्या वस्तीतली पोरं पहाटे पाचला मैदानावर धावताहेत. काही जण एमपीएससीची पुस्तकं घेऊन बसलीत. त्यांच्या भिंतीवर बाबासाहेब आहेत आणि मोबाइलवर सिंघम. गड्यांनो, धावा, जरूर धावा. ती वर्दी आपल्या अंगावर यायलाच पाहिजे. पण घालण्याआधी ठरवा, या दोघांपैकी कुणाचं ऐकणार. उद्या एखाद्या बेटाचं पाणी तोडायचा हुकूम येईल. उद्या खालच्या खोलीतल्या पोरांना उचलायचा हुकूम येईल. तेव्हा लाच न घेतल्याचा दाखला कामाला येणार नाही.

बाकीच्यांनी एवढं करा. वस्तीत कुणावर हात पडला तर एकट्याला ठाण्यात पाठवू नका. चार जण जा. फिर्याद वाचून घ्या, मगच सही करा, नक्कल हातात पडेपर्यंत पायरी सोडू नका. साहेब चांगला निघाला तर त्याला जयभीम करा. वाईट निघाला तर त्याच्या छातीवरचं नाव लिहून घ्या आणि चौथं कलम दाखवा.