चित्र ‘वाचणाऱ्यांची’ समीक्षा

‘चित्राचे वाचन’ हा शब्दप्रयोग मराठी कलासमीक्षेत इतका रुळला आहे की ते एक रूपक आहे याचेच विस्मरण झालेले दिसते. चिन्हमीमांसेने सर्वच सांस्कृतिक वस्तूंना संहिता मानले आणि त्या ओघात अमूर्त चित्रही संहिता ठरले. परंतु लिखित भाषेला पुन्हापुन्हा योजता येणारे, सर्वसंमत घटक असतात. ‘क’ शाईने लिहिला काय अथवा खडूने लिहिला काय, तो ‘क’च राहतो. चित्रातील रेषेची जाडी बदलली की ती रेषाच वेगळी होते. अमूर्त चित्राची ‘वर्णमाला’ कोणती, हे संहितावाद्यांनी अद्याप सांगितलेले नाही.

त्यांच्या बाजूने के. सी. एस. पणिक्कर यांचा दाखला दिला जाईल. १९६३पासूनच्या ‘शब्द आणि प्रतीके’ या त्यांच्या चित्रमालेत मल्याळम वळणाची अक्षरे आणि गणिती चिन्हे दाटीने येतात. मात्र त्यांतील बरेचसे लेखन मल्याळम जाणणाऱ्यालाही लागत नाही. लेखन येथे चित्रात शिरते ते आपली वाचनीयता बाहेर ठेवून. म्हणजे हा दाखला संहितावाद्यांच्या विरोधातच जातो.

याच्या उलट टोकाला अध्यात्मवादी समीक्षा आहे. वासुदेव गायतोंडे यांना ‘अमूर्त’ ही संज्ञा मान्य नव्हती. आपली चित्रे वस्तुनिरपेक्ष आहेत, अशी त्यांची भूमिका होती. हा भेद महत्त्वाचा आहे. पहिल्या संज्ञेत वस्तूपासून दूर जाणे गृहीत आहे, तर दुसरीत मुळात वस्तूच नाही. मराठी ‘अमूर्त’ तर याहून पुढे जाऊन चित्राची मूर्तताच काढून घेतो. मग मौन, शून्य, ध्यान या शब्दांची रास पडते. गायतोंडे यांना झेन विचाराची ओढ होती, हे खरेच. पण चित्रकाराची ओढ म्हणजे चित्राचे वर्णन नव्हे. त्यांनी रोलरने आणि सुरीने रंगाचे थर दिले, वृत्तपत्रांचे व मासिकांचे फाडलेले तुकडे वापरून रंग कॅनव्हासवर उतरवला. छापील भाषा त्यांच्या हाती केवळ कागद म्हणून आली, याची दखल ही समीक्षा घेत नाही.

‘मग समीक्षेने गप्प बसावे काय?’ असा प्रश्न येईल. तसे नाही. प्रभाकर बरवे यांचे ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) हे पुस्तक मराठीतच आहे. बरवे यांच्या चित्रांत वस्तू ओळखू येतात. तरीही आकार, अवकाश आणि वस्तू यांचा विचार पाहण्याच्या अनुभवाला धरून मराठीत करता येतो, हे त्यांनी दाखवून दिले. समीक्षेने मात्र तो धडा गिरवला नाही.

याची किंमत प्रेक्षक मोजतो. प्रदर्शनात तो आधी भिंतीवरचा मजकूर वाचतो, नंतर चित्राकडे वळतो आणि वाचलेले तेथे दिसले नाही की स्वतःलाच अडाणी ठरवतो. भाषाही काही गमावते. पोत, थर, कड, डाग, ओघळ हे नेमके शब्द मराठीत आहेत. ते न वापरता चित्राविषयी बोलणारी समीक्षा चित्र न पाहताही लिहिता येते, आणि पुष्कळदा तशीच लिहिली जाते.