परतल्यानंतरचं काम

"मासे पकडायला जातेस? तू?" हा प्रश्न मला कॉलेजात इतक्यांदा विचारला गेलाय की आता मी फक्त हसते. मुलगी, तीही साहित्याची विद्यार्थिनी, आणि रविवारी मिसा झाल्यावर गळ घेऊन झुआरीत! लोकांना दोन गोष्टी हव्या असतात. सर्वांत मोठा मासा केवढा होता ते, आणि फोटो. होडीवरून परत आल्यावर मी काय करते, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. छंद म्हणून मासेमारी करणाऱ्याची लायकी त्याने काय पकडलं यावर ठरू नये. परतल्यावर तो काय धुतो, काय दुरुस्त करतो आणि काय पाण्यात परत सोडतो, यावर ठरावी. हे मला कोणी शिकवलं नाही. माझ्या एका खोटेपणातून मी ते शिकले.

आम्ही मूळचे वेंगुर्ल्याचे. दोन पिढ्यांपूर्वी नोकरीसाठी गोव्यात आलो आणि इथलेच झालो. माझा मामा नुवेंला राहतो. त्याच्याकडे पंधरा फुटी फायबरची होडी आहे, तिला छोटं आउटबोर्ड इंजिन आहे, आणि ती वाहून न्यायला एक दोनचाकी ट्रेलर. जुन्या जीपला ट्रेलर जोडायचा, वेर्ण्यावरून खाली कुठ्ठाळीच्या बाजूला उतरायचं आणि भरतीचं पाणी वळायच्या सुमारास होडी नदीत सोडायची. मी बारावीत असल्यापासून त्याच्याबरोबर जाते. कामाची वाटणी ठरलेली. होडी आणि इंजिन मामाकडे, ट्रेलर आणि गळाचं सामान माझ्याकडे.

गेल्या वर्षी परीक्षेच्या दिवसांत मी लागोपाठ तीन फेऱ्यांनंतर ट्रेलर धुतला नाही. चाकाच्या हबमध्ये ग्रीसही भरलं नाही. मामाने विचारलं, "ग्रीस घातलंस ना गो?" मी म्हटलं, "घातलं." पुस्तक हातात होतं, मान वर न करताच म्हटलं.

चौथ्या फेरीहून परत येताना वेर्ण्याच्या चढावर जळका वास आला. मामाने वेग कमी केला, पण तेवढ्यात डावं चाक निखळलं. ते उड्या मारत एका स्कूटरच्या पुढून रस्ता ओलांडून गटारात गेलं. स्कूटरवर एक बाई होती आणि पुढे उभा असलेला पाचेक वर्षांचा मुलगा. तिने ब्रेक दाबला. दोघंही पडली नाहीत. ती काही बोलली नाही, मुलाला घट्ट धरून नुसती बघत राहिली. ती नजर माझ्या अजून लक्षात आहे.

मेकॅनिकने दुसऱ्या बाजूचा हब उघडून दाखवला. आतलं ग्रीस दुधासारखं पांढरट झालं होतं. म्हणजे आत पाणी शिरलं होतं. हे कसं होतं ते समजून घेण्यासारखं आहे. रस्त्याने दहा-बारा किलोमीटर आल्यावर हब तापलेला असतो. तसाच ट्रेलर मागे घेऊन गार पाण्यात बुडवला की आतली हवा एकदम आकसते आणि सीलमधून खारं पाणी आत ओढलं जातं. पाणी मिसळलेलं ग्रीस बेअरिंगचं रक्षण करू शकत नाही. गंज चढतो, गंजलेलं बेअरिंग आणखी तापतं आणि एक दिवस जाम होऊन तुटतं. आमची पहिली चूक घाई ही होती. उताराजवळ पोचल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबायला हवं होतं. दुसरी चूक माझी एकटीची.

मामा रागावला नाही. घरी येईपर्यंत गप्प होता. मग एवढंच म्हणाला, "बाय, नाही केलं असं सांगितलं असतंस, तर मी केलं असतं." शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासूनचा आमचा नेम सांगते, कोणाला उपयोग झाला तर होवो. निघण्यापूर्वी चाक जॅकवर उचलून हाताने फिरवायचं. घरघर ऐकू आली, किंवा वरखाली धरून हलवल्यावर चाक डगमगलं, तर त्या दिवशी जायचं नाही. वाटेत थांबल्यावर हबला हात लावून बघायचा. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर काहीतरी बिघडलंय. पाण्यात उतरण्यापूर्वी दिव्यांची वायर काढून ठेवायची. होडी नुसत्या विंचच्या पट्ट्यावर विसंबून न्यायची नाही, पुढे साखळी आणि मागे दोन्ही बाजूंना पट्टे हवेतच. टायरची नक्षी बघून फसू नये. ट्रेलर वर्षातले बरेच दिवस उभाच असतो, त्यामुळे टायर झिजण्याआधी उन्हाने तडकतात. आणि परतल्यावर सगळं गोड्या पाण्याने धुवायचं. पाट्यांच्या स्प्रिंगा, नटबोल्ट, चाकाची आतली बाजू, सगळं. इंजिनालाही गोड्या पाण्याची नळी लावून थोडा वेळ चालवायचं. ग्रीस पाण्यात टिकणारंच वापरायचं, गाडीचं साधं नको.

गळाच्या सामानालाही हाच न्याय. नवीन मुलं विचारतात, कुठला रबरी मासा चालतो, कुठला रंग घेऊ? मी म्हणते, आधी गाठ शिका. आमच्या नदीत खडक आहेत, पुलाचे खांब आहेत, त्यांना चिकटलेली धारदार कालवं आहेत. चणकाच्या, म्हणजे कोकणातल्या जिताड्याच्या, कल्ल्याची कडसुद्धा पात्यासारखी असते. म्हणून ब्रेडच्या दोरीपुढे जाड लीडर लागतोच. गाठ आवळण्यापूर्वी ती ओली करायची. कोरडी आवळली की घर्षणाने दोरी तापते आणि तिथेच कमजोर होते. घरी आल्यावर रीळ हलक्या धारेने धुवायचं. जोराचा फवारा मारला तर मीठ निघत नाही, उलट आत जातं. मग ड्रॅग सैल करून ठेवायचा, नाहीतर आतल्या चकत्या दबून राहतात. ओला गळ डब्यात परत टाकायचा नाही, एक गंजला की सगळा डबा गंजतो.

जिवंत कोळंबी लावून बसणार असाल तर गोल गळ वापरा. साधा गळ मासा पोटापर्यंत गिळतो आणि मग सोडला तरी सहसा जगत नाही. गोल गळ बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. फक्त सवय मोडावी लागते. मासा लागला की झटका द्यायचा नाही, शांतपणे रीळ गुंडाळत राहायचं. माझे पहिले पाच-सहा मासे झटक्यामुळेच सुटले.

आता फोटोंबद्दल. माझं काही मित्रांशी भांडण होईल, होऊ दे. चणक जन्मतो तेव्हा साधारणपणे नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे ज्या धुडाबरोबर आपण दात काढून फोटो काढतो, ती बहुतेक वेळा अंड्यांची मादी असते. लहान मासा सोडावा हे आता बऱ्याच जणांना पटतं. सर्वांत मोठाही सोडावा, हे पटत नाही. मला वाटतं, घरच्या कढीपुरता मधला एक ठेवावा आणि मोठ्या मादीला हात ओले करून, पोटाखाली आधार देऊन, पाण्याजवळच सोडून द्यावं. जबड्याला धरून लटकवलेल्या माशाचा फोटो छान येतो, पण पुढे त्याचं काय होतं ते फोटोत दिसत नाही.

कोणी म्हणेल, एवढी दया येते तर बाजारातून आण ना! प्रश्न चुकीचा नाही. पण बाजारातल्या माशामागेही कोणाचे तरी हात असतात, ते फक्त आपल्याला दिसत नाहीत. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: पोटासाठी मासे मारणाऱ्यांच्या नदीत तुम्ही हौशी लोक कशाला? याचं उत्तर मला एकच सुचतं. त्यांना जी शिस्त पाळावी लागते, ती आपण त्यांच्यापेक्षा कडक पाळायची. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिकी बोटींना बंदी असते. त्या काळात कित्येक मासे अंडी घालतात. आमच्या होडीला कायद्याने काय लागू होतं या वादात न पडता आम्ही ती दोन महिने झाकून ठेवतो. त्यांच्या जाळ्यांवर दोरी टाकत नाही, त्यांचा उतार अडवत नाही, आणि तुटलेली दोरी पाण्यात सोडत नाही. खारफुटीत अडकलेल्या दोरीत पाय गुंतलेला बगळा मी पाहिलाय.

हे काही माझं नवं तत्त्वज्ञान नाही. २९ जूनला सेंट पीटरच्या फेस्ताला गोव्यात होड्या एकमेकींना बांधून सांगोड करतात, गाणी म्हणतात, नाटुकली करतात. भर पावसात मच्छीमारांचा सण! हिंदू कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात आणि मगच नवा हंगाम धरतात. थांबण्याचाही सण असतो, हे या किनाऱ्याला आधीपासून ठाऊक आहे.

लहानपणी कातेकिझमच्या वर्गात मला योहानाच्या शुभवर्तमानातले १५३ मासे फार आवडायचे. आकडा पाठ होता. हल्ली मात्र लूकच्या पाचव्या अध्यायाची सुरुवात जास्त जवळची वाटते. रात्रभर काहीच मिळालेलं नाही, आणि तरीही ते कोळी किनाऱ्यावर बसून जाळी धूत आहेत. रिकाम्या हातांनी परतलेली माणसंही जाळी धुतात, इकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. हेमिंग्वेच्या म्हाताऱ्याचंही तसंच. पु. ल. देशपांड्यांनी 'एका कोळियाने' या नावाने ती कादंबरी मराठीत आणली. तिच्यावर बोलताना आम्ही मार्लिन आणि शार्कच्या पानांवरच रमतो. पण सुरुवातीलाच ८४ दिवस मासा न मिळालेला तो माणूस आणि तो पोरगा मुकाट्याने सामान घरी वाहून नेतात. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नाही.

ऑक्टोबरात आम्ही पुन्हा जाऊ लागलो. मागच्या रविवारी काहीच लागलं नाही, भांगाचं पाणी होतं, प्रवाह मंद. घरी पोचेपर्यंत अंधार पडला होता आणि सोमवारी माझं सादरीकरण होतं. मामा म्हणाला, "तू जा गो, अभ्यास कर. आज मी धुतो."

मी नळी त्याच्या हातात दिली आणि ग्रीसगन घेऊन चाकापाशी बसले. दोघांनी मिळून अर्ध्या तासात आटपलं.