सिंड्रेला मॅन : सत्य किती, दंतकथा किती?

थोर पुरुषांची चरित्रे पूर्वी कीर्तनकार आणि बखरकार सांगत. आज ते काम चित्रपट करतो. अडीच तासांत एक संपूर्ण आयुष्य डोळ्यांसमोरून सरकते आणि प्रेक्षक ते सत्य समजून घरी नेतो. 2005 साली प्रदर्शित झालेला रॉन हॉवर्ड यांचा ‘सिंड्रेला मॅन’ हा असाच एक गाजलेला चित्रपट. अमेरिकन मुष्टियोद्धा जेम्स ब्रॅडॉक याचे जीवन त्यात रसेल क्रो यांनी साकारले आहे. मुष्टियुद्ध हा खेळ अहिंसेच्या उपासकांना रुचणारा नव्हे. तथापि या कथेत गरिबी, ऋण आणि अब्रू यांविषयी जे आहे, ते व्यापारी कुटुंबांनी अवश्य पारखून पाहावे असे आहे.

प्रथम जे खरे आहे ते पाहू. ब्रॅडॉकचा जन्म 1905 साली न्यूयॉर्कमधील एका आयरिश वंशाच्या कुटुंबात झाला. 18 जुलै 1929 रोजी टॉमी लॉफ्रन याच्याशी झालेली अजिंक्यपदाची लढत तो हरला आणि अवघ्या तीन महिन्यांत अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला. उजवा हात वारंवार मोडत होता. जिंकण्यापेक्षा हरण्याचेच प्रसंग अधिक येत होते. पत्नी मे आणि तीन मुले यांचे पोट भरण्यासाठी न्यू जर्सीच्या गोदीत तो हमाली करू लागला. उजवा हात निकामी असल्याने सारे ओझे डाव्या हातावर पडले आणि तो हात नकळत बळकट झाला. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा त्याला सरकारी मदतनिधीच्या दारात उभे राहावे लागले.

14 जून 1934 रोजी आयत्या वेळी मिळालेल्या लढतीत त्याने कॉर्न ग्रिफिनला तिसऱ्या फेरीत नमवले. पाठोपाठ जॉन हेन्री लुईस आणि आर्ट लास्की यांना हरवून 13 जून 1935 रोजी तो जगज्जेता मॅक्स बेअर याच्यासमोर उभा राहिला. पैजा लावणारे त्याच्या विरोधात एकास दहा असा भाव देत होते. पंधरा फेऱ्यांनंतर पंचांनी ब्रॅडॉकला विजयी घोषित केले. हे सारे इतिहासात नोंदलेले आहे.

चित्रपटातील सर्वांत हृद्य प्रसंगही खरा आहे. हाती पैसा येताच ब्रॅडॉकने मदतनिधीतून घेतलेली रक्कम सरकारला परत केली. कायद्याने ती परत मागितली नव्हती. घेतलेले ते देणे, एवढाच हिशेब त्याच्या मनात होता. वहीत न लिहिलेले देणेही देणेच असते, हे ज्यांच्या घरी लहानपणापासून शिकवले जाते, त्यांना या माणसाची ओळख वेगळी करून देण्याची गरज नाही.

काही गोष्टी मात्र रचलेल्या आहेत. ब्रॅडॉकचा गोदीतील मित्र माइक विल्सन हे पात्र काल्पनिक आहे. मंदीत होरपळलेल्या अनेकांचे दुःख एका चेहऱ्यात दाखवण्यासाठी ते घडवले आहे. अशा कल्पनेने कोणाचे अहित होत नाही. कथाकाराला तेवढी मोकळीक द्यावीच लागते.

खरा प्रश्न मॅक्स बेअरचा आहे. पडद्यावरचा बेअर उन्मत्त आहे. रिंगणात दोन माणसे मारल्याचा त्याला जणू अभिमान वाटतो आणि ब्रॅडॉकच्या पत्नीशी तो असभ्यपणे बोलतो. नायक उजळ दिसावा म्हणून प्रतिस्पर्ध्याला काळे फासण्याची ही जुनी युक्ती आहे.

इतिहास काय सांगतो? 25 ऑगस्ट 1930 रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे बेअरशी झालेल्या लढतीनंतर फ्रँकी कॅम्बेल याचा मृत्यू झाला, हे खरे. बेअरवर मनुष्यवधाचा आरोप ठेवला गेला, त्यातून तो मुक्त झाला. परंतु कॅलिफोर्नियात त्याच्यावर वर्षभर बंदी आली. मनातून मात्र तो कधीच मुक्त झाला नाही. त्या रात्रीच्या आठवणीने वडील रडत असत, असे त्याच्या मुलाने पुढे सांगितले आहे. कॅम्बेलच्या कुटुंबाला बेअरने आपल्या कमाईतून आर्थिक साहाय्य केले. दुसरा मृत्यू अर्नी शाफ याचा. बेअरकडून त्याने 1932 मध्ये जबर मार खाल्ला होता. परंतु फेब्रुवारी 1933 मध्ये तो कोसळला तो प्रिमो कार्नेराशी लढताना. तो मृत्यू सरळ बेअरच्या नावे लिहिणे हा हिशेबातला खोटेपणा होय.

बेअरच्या जीवनातील एक गोष्ट चित्रपटाने जवळजवळ झाकून टाकली आहे. जर्मनीत हिटलर सत्तेवर आल्यानंतर काही महिन्यांतच, 8 जून 1933 रोजी, त्याने जर्मन योद्धा मॅक्स श्मेलिंग याला दहाव्या फेरीत हरवले. त्या वेळी त्याच्या पोशाखावर यहुदी धर्माचा षट्कोनी तारा होता. त्याच्या वडिलांचे मूळ यहुदी होते. छळ सोसणाऱ्या समाजाला त्या ताऱ्याने केवढा धीर दिला असेल! वस्तुतः बेअर विनोदी, खेळकर आणि थोडा बेफिकीर होता. ब्रॅडॉककडून तो हरला त्याला सरावातली हयगयही कारण झाली. 1959 साली तो वारला. पडद्यावरील आपले रूप पाहून उत्तर देण्यास तो उरला नव्हता. त्याच्या मुलानेच या चित्रणाचा जाहीर निषेध केला.

शास्त्रकारांनी अठरा पापस्थानकांत अभ्याख्यान, म्हणजे दुसऱ्यावर खोटा दोष ठेवणे, हे स्वतंत्र पाप सांगितले आहे. एकाचे गुणगान करताना दुसऱ्याचे अभ्याख्यान घडते, हे पुष्कळदा ध्यानातही येत नाही. बाजारात आपल्या मालाची स्तुती करताना शेजारच्या दुकानाची निंदा करणारा व्यापारी हेच करतो. ब्रॅडॉकचे मोठेपण बेअरच्या निंदेवर अवलंबून नव्हतेच.

विजयाशी थांबलेली चित्रकथा पुढचा एक व्यवहारही दाखवत नाही. 22 जून 1937 रोजी शिकागो येथे जो लुईसने ब्रॅडॉकला आठव्या फेरीत हरवले. परंतु त्या लढतीस होकार देताना ब्रॅडॉकचा व्यवस्थापक जो गूल्ड याने लुईसच्या आयोजकाकडून पुढील दहा वर्षांच्या जड वजनगटातील लढतींच्या नफ्यात दहा टक्के वाटा लिहून घेतला होता. लुईस सुमारे बारा वर्षे अजिंक्य राहिला. पराभव होणार हे जाणूनही भविष्याची तरतूद करणारा हा करार भल्याभल्या पेढ्यांना शोभावा असा आहे. ब्रॅडॉकने पुढे सैन्यात सेवा केली, जहाजी सामानाचा व्यवसाय केला, वेराझानो पुलाच्या बांधकामावरही काम केले आणि 1974 साली देह ठेवला.

घरातील मुलांनी हा चित्रपट जरूर पाहावा. ब्रॅडॉकने सरकारला परत केलेले पैसे त्यांच्या लक्षात राहावेत. मात्र चित्रपट संपल्यावर, बेअरने कॅम्बेलच्या घरी पोचवलेल्या पैशांची गोष्टही कोणी वडीलधाऱ्याने त्यांना सांगावी.