टेन्शन दोरीला असतं, आईला नव्हे!



जुलै-ऑगस्ट आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. लोणच्याला आलेली बुरशी, मुलांची सर्दी हे विषय मागे पडतात आणि ‘अकरावी’ पुढे येते. या खेपेला धडगावच्या एका भगिनीनं लिहिलं आहे. मुलगी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकली, विज्ञानात चांगले गुण मिळवले, हौसेनं सायन्सला गेली. आता मात्र रोज रात्री पुस्तक मिटते आणि आर्ट्सला जाते म्हणते. गणित जमत नाही म्हणून नव्हे, तर फिजिक्सचे शब्दच कळत नाहीत म्हणून. आई जवळ जाऊन बसली तर “तुला नाही गं कळायचं” हे उत्तर ठरलेलं. घरातलं बोलणं पावरी, शाळा मराठी आणि आता वर्गात इंग्रजी. सोळाव्या वर्षी पोरीनं तिसरा घाट चढायचा आहे. सातवी शिकलेल्या आईनं यात काय करावं, असा त्यांचा प्रश्न आहे.

पुष्कळ करता येईल, बाई! आणि हे उत्तर फक्त धडगावसाठी नाही. सावंतवाडी असो की उमरगा, ज्या घरात मराठी माध्यमातलं मूल विज्ञान शाखेला गेलं आहे, त्या प्रत्येक घरासाठी आहे.

आधी मुलीला एक गोष्ट समजावून सांगा. दहावीला तिनं ‘बल’, ‘कार्य’, ‘वेग’, ‘त्वरण’ शिकलंच आहे. आता तेच धडे ‘फोर्स’, ‘वर्क’, ‘व्हेलॉसिटी’, ‘ॲक्सिलरेशन’ अशी नावं घेऊन आलेत. लग्नानंतर सासरी आपलं नाव बदलतात, म्हणून आपण थोड्याच बदलतो? तसंच हे. ओळख जुनी, नाव तेवढं नवं.

खरी गंमत, आणि खरी अडचण, दुसरीच आहे. यातले कितीतरी शब्द आपल्या घरात रोज बोलले जातात, पण भलत्याच अर्थानं! हे पाहा. ‘लाइट गेली’ म्हणतो तेव्हा आपण विजेबद्दल बोलतो. पुस्तकातला ‘लाइट’ म्हणजे प्रकाश. ‘गॅस संपला’ म्हणजे आपल्या लेखी सिलिंडर रिकामा झाला. पुस्तकातला ‘गॅस’ म्हणजे वायू, मग ती हवा असो की वाफ. उलट आपल्या सिलिंडरच्या आत जे असतं ते दाबाखाली ठेवलेलं द्रव असतं आणि बाहेर येताना त्याचा वायू होतो. ‘करंट लागला’ म्हणजे आपल्याकडे झटका. पुस्तकात ‘करंट’ म्हणजे विजेचा प्रवाह, विद्युतधारा. ‘मोशन’ हा शब्द ऐकून आजीबाई पोटाचं औषध शोधू लागतील, पण पुस्तकात ‘मोशन’ म्हणजे गती! ‘मास’ म्हणजे महिना नव्हे, वस्तुमान. आणि ‘टेन्शन’? ते आईला येतं तसं नसतं. विहिरीत पोहरा सोडला की दोराला जो ताण बसतो, त्याचं नाव टेन्शन.

मुलं अडखळतात ती इथे. शब्द ओळखीचा वाटतो, अर्थ मात्र हुलकावणी देतो. म्हणून प्रत्येक नव्या शब्दाला एकच प्रश्न विचारायची सवय लावा : “घरात याचा अर्थ काय आणि पुस्तकात काय?” हा प्रश्न विचारायला पदवी लागत नाही.

आता थोडं स्वयंपाकघरात येऊ या. ‘फोर्स’ आणि ‘प्रेशर’ म्हणजे बल आणि दाब, यांची मुलं नेहमी गल्लत करतात. तुम्ही मात्र हा फरक रोज डोक्यावर वाहत असता. हंड्याखाली चुंबळ ठेवली की हंडा हलका होत नाही. भार तेवढाच असतो, पण तो जास्त जागेवर पसरतो आणि टोचत नाही. म्हणजे फोर्स तोच, प्रेशर कमी. विळीला धार लावली की उलट होतं. तेवढाच जोर इवल्याशा जागेवर पडतो, प्रेशर वाढतं आणि भोपळासुद्धा चिरला जातो.

‘इव्हॅपोरेशन’ आणि ‘बॉइलिंग’ यांतला फरक धडगावकडच्या बायकांना कोणी शिकवायला नको. आमचूर करायला कैरीच्या फोडी उन्हात घालता, तेव्हा पाणी न उकळताच उडून जातं. ते इव्हॅपोरेशन, बाष्पीभवन. पातेल्यात पाणी खदखदतं ते बॉइलिंग, उत्कलन. आणि ज्या तापमानाला ते खदखदतं तो ‘बॉइलिंग पॉइंट’. समुद्रकाठी तो १०० अंश सेल्सिअस. जसजसं उंच जावं तसतसा हवेचा दाब कमी होतो आणि हा अंकही उतरतो. तोरणमाळ हजार मीटरहून उंच आहे, तिथे पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून उघड्या पातेल्यात डाळ शिजायला जास्त वेळ लागतो. कुकरमध्ये वाफ कोंडून दाब वाढवला की पाणी १२० अंशांच्या आसपास जातं आणि डाळ पटकन मऊ होते. एका कुकरमध्ये ‘प्रेशर’, ‘टेम्परेचर’, ‘स्टीम’ आणि ‘बॉइलिंग पॉइंट’ असे चार शब्द शिजतात!

‘वर्क’ या शब्दावर मात्र तुम्ही रागावणार आहात. सपाट रस्त्यावरून डोक्यावर भरला हंडा घेऊन तुम्ही कोसभर चाललात, तरी फिजिक्स म्हणतं, गुरुत्वाकर्षणाविरुद्ध केलेलं वर्क शून्य! हंडा वर चढला तरच वर्क. १५ लिटर पाणी १०० मीटर उंच टेकाडावर नेलंत, तर त्या पाण्यावर झालेलं वर्क १४,७०० जूल. तेच पाणी निम्म्या वेळात नेलं, तर वर्क तेवढंच राहतं पण ‘पॉवर’ दुप्पट होते. पॉवर म्हणजे काम करण्याचा झपाटा. ती मोजायची वॉटमध्ये. १००० वॉटची इस्त्री तासभर चालली की बिलात १ युनिट चढतं, आणि एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल ‘एनर्जी’. पुढच्या वेळी लाइटबिल आलं की मुलीला ते वाचायला लावा. पॉवर आणि एनर्जी यांतला फरक तिथेच सुटतो.

उंचावर चढवलेल्या पाण्यात जी एनर्जी साठून राहते ती ‘पोटेन्शियल एनर्जी’, मराठीत स्थितिज ऊर्जा. ते खाली धावू लागलं की तिची ‘कायनेटिक’, म्हणजे गतिज ऊर्जा होते. धरणाची वीज याच दोन शब्दांवर चालते. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या ३३ गावांनी सरदार सरोवराचं पाणी आपल्या दारापर्यंत, शेतापर्यंत येताना सोसलं आहे. त्या भागातल्या मुलीला ‘पोटेन्शियल एनर्जी’ हा शब्द परका वाटायचं कारण नाही. त्याची किंमत तिथल्या माणसांना इतरांपेक्षा जास्त ठाऊक आहे.

आता अंगणात या. शहरातल्या मुलांना जे आकाश पुस्तकातल्या चित्रात पाहावं लागतं, ते पाऊस उघडला की सातपुड्यातल्या अंधारात फुकट दिसतं. तो पांढुरका पट्टा म्हणजे आकाशगंगा, इंग्रजीत ‘मिल्की वे’. अशा ताऱ्यांच्या प्रचंड समूहाला ‘गॅलॅक्सी’ म्हणतात, मराठीत दीर्घिका. पृथ्वी स्वतःभोवती फिरते ते ‘रोटेशन’, म्हणजे परिवलन. सूर्याभोवती फिरते ते ‘रिव्होल्यूशन’, म्हणजे परिभ्रमण. जातं फिरतं ते रोटेशन आणि वडाला आपण फेऱ्या घालतो ते रिव्होल्यूशन. विसरायचं म्हटलं तरी विसरणार नाही!

‘लाइट इयर’ या शब्दात वर्ष आहे, पण ते काळाचं माप नाही, अंतराचं आहे. प्रकाश एका वर्षात जेवढं कापतो तेवढं अंतर, सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. ‘धडगाव इथून एका दिवसाच्या वाटेवर आहे’ असं जुनी माणसं म्हणत, तसंच हे. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला आठ मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. तेवढ्यात आपला चहा होतो. ध्रुवतारा मात्र चारशेहून अधिक लाइट इयर दूर आहे. उत्तरेला, नर्मदेच्या अंगाला आज तो दिसतो, त्याचा प्रकाश शिवरायांच्या जन्माआधीच तिथून निघालेला आहे.

आणखी एक ठेच लागते ती ‘प्लॅनेट’ला. आपल्या नवग्रहांत सूर्य-चंद्रही असतात. पुस्तकात मात्र सूर्य हा ‘स्टार’, म्हणजे तारा आणि चंद्र हा ‘सॅटेलाइट’, म्हणजे उपग्रह. पूजेत नवग्रह असू द्यात, पेपरात प्लॅनेट आठच लिहायचे.

‘मास’ आणि ‘वेट’साठीही चंद्रावरच जावं लागतं. तिथलं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश. सहा किलो ज्वारी स्प्रिंगच्या काट्याला टांगली तर काटा एकाच किलोवर थांबेल, कारण ‘वेट’ घटलं. पण साध्या तराजूत सहा किलोचं माप टाकून तोललं तर पारडी समसमान राहतील, कारण माप आणि ज्वारी दोन्ही सारखीच हलकी झाली. दाणे कुठेच गेले नाहीत. ते न बदलणारं, ते ‘मास’.

तुम्ही म्हणाल, इंग्रजी शब्द इतके मोठे, तर मराठी सोडूनच द्यावी का? मुळीच नाही. कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर केंब्रिजमध्ये शिकले, जगभर इंग्रजीत संशोधन मांडलं, पुण्याला ‘आयुका’ उभी केली. पण १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी टोपणनावानं कथा पाठवली ती मराठीत, आणि तिचं नाव ‘कृष्णविवर’. इंग्रजीत ज्याला ‘ब्लॅक होल’ म्हणतात तेच हे. इतका मोठा माणूस दोन्ही भाषांतून ये-जा करत असे, मग आपल्या मुलींनी का करू नये?

आता करायचं काय ते सांगते.

एक, शंभर पानी वही घ्या आणि पानावर चार रकाने आखा. पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात पुस्तकातला मराठी शब्द, तिसऱ्यात घरच्या बोलीतला, म्हणजे पावरी, अहिराणी, कोकणी जी असेल तिच्यातला, आणि चौथ्यात घरातलं उदाहरण. तिसरा रकाना आजी भरेल, चौथा तुम्ही. रोज पाच शब्द, जास्त नकोत.

दोन, बालभारतीचं दहावीचं विज्ञानाचं पुस्तक मराठीत आणि इंग्रजीत अशी दोन्ही मिळवा. धडे तेच असतात. दोन्ही शेजारी ठेवून वाचली की शब्दकोशाचं निम्मं काम होतं. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर ती विनामूल्य मिळतात. भाषा संचालनालयाचा भौतिकशास्त्र परिभाषा कोशही वाचनालयात विचारून पाहा.

तीन, शब्दांची कुळं ओळखायला शिकवा. ‘टेली’ म्हणजे दूर : टेलिफोन, टेलिव्हिजन, टेलिस्कोप. ‘थर्मो’ म्हणजे उष्णता : थर्मामीटर, थर्मास, थर्मोडायनॅमिक्स. एक कूळ कळलं की दहा भावंडं ओळखू येतात.

चार, पुढच्या परीक्षांची धास्ती घेऊ नका. ‘नीट’ची प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवर मराठीतूनही घेता येते आणि ‘जेईई मेन’ २०२१ पासून मराठीतही होते. वर्गातली इंग्रजी शिकायचीच, पण तिच्यावाचून सगळी दारं बंद असा समज नको.

पाच, आणि हे सर्वांत महत्त्वाचं. रात्री भाकरी थापताना मुलीला जवळ बसवा आणि त्या दिवशीचा एक शब्द तुम्हाला समजावून द्यायला सांगा. कळला नाही तर स्पष्ट सांगा, “नाही कळलं, पुन्हा सांग.” तुम्हाला समजावताना तिचा तिलाच समजेल. “तुला नाही कळायचं” म्हणणारी मुलगी आठ दिवसांत “आई, आजचा शब्द ऐक ना” म्हणत येते की नाही पाहा.

शाखा बदलण्याचा अर्ज मात्र घाईनं भरू देऊ नका. आवड आर्ट्सची असेल तर खुशाल जाऊ द्या, तिथेही मोठं होता येतं. पण नुसत्या शब्दांना भिऊन माघार नको. तिला दिवाळीपर्यंत मुदत द्या. बदलाची शेवटची तारीख त्याआधीच असेल, तर ती कॉलेजात विचारून घ्या आणि तोवर वही नेटानं चालवा. तेवढ्या वेळात दोनशे-तीनशे शब्द वहीत येतील आणि निम्मं फिजिक्स त्यांच्यापाठोपाठ चालत येईल.

तुमच्या वहीतला चौथा रकाना मला जरूर लिहून पाठवा. निवडक उदाहरणं पुढे याच सदरात देऊ.