जहाज बुडाले, मालकाची जबाबदारी बुडता कामा नये!

कामगार बंधूंनो,

२५ मे २०२५ रोजी ‘एमएससी एल्सा ३’ हे लायबेरियाचा झेंडा लावलेले मालवाहू जहाज विझिंजमहून कोचीला जाताना केरळच्या समुद्रात बुडाले. त्यावर ६४० कंटेनर होते. त्यांपैकी १३ धोकादायक मालाचे. टाक्यांत ३६७ टन फर्नेस ऑइल. २४ही खलाशी वाचले; पण प्लॅस्टिकचे दाणे तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावर पसरले आणि मच्छीमारांच्या पोटावर पाय आला.

आंतरराष्ट्रीय सुरक्षा व्यवस्थापन संहिता कंटेनर जहाजांना २००२ पासून लागू आहे. सुरक्षा आणि प्रदूषण रोखणे ही कंपनीची जबाबदारी, असे ती बजावते. पण नियम फायलीत आणि मालक परक्या झेंड्याआड! अपघात झाला की आधी ड्रायव्हर आणि गँगमनकडे बोट दाखवायचे, ही रीत आपण रेल्वेवाले पुरती ओळखून आहोत. समुद्रावर ती चालू देऊ नका.

हेच कंटेनर बंदरातून आपल्या वॅगनवर चढतात. म्हणून आमची मागणी: कंटेनरमधील मालाची यादी खलाशी, गोदी कामगार, रेल्वे कामगार आणि मच्छीमार यांना खुली करा, जहाजांच्या तपासणीत कामगार प्रतिनिधी घ्या, नुकसानभरपाई मालकाकडून वसूल करा. नफा त्यांचा, तर निस्तरायचेही त्यांनीच!