जुन्या कपाटांना नवा सनमायका

लग्नसराई तोंडावर आली की आमच्या व्यापारी बांधवांच्या घरात एक विषय हमखास निघतो. स्वयंपाकघर जुने झाले, पाहुणे येणार, मॉड्युलर किचन करून घ्या! हौसेला आमचा विरोध नाही. परंतु नेमक्या याच दिवसांत दुकानात माल भरायचा असतो. गल्ल्यातील रोकड ओट्याखालच्या कपाटांत जाते आणि माल व्याजाच्या पैशाने उचलावा लागतो. नाहीतर कपाटेच हप्त्यांवर येतात, आणि बहुतेक हप्त्यांत व्याज दडलेले असते. व्याज हराम म्हणायचे आणि चार लोकांत इज्जत दिसावी म्हणून तेच घरात आणायचे, हा कुठला हिशेब? सांगाडा शाबूत असेल तर फक्त दारांचे तोंड बदलावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते घरच्या घरी जमते.

अगोदर सिंकखालच्या कपाटाचा तळ अंगठ्याने दाबून पाहावा. भुसभुशीत लागला तर थांबावे. पार्टिकल बोर्ड एकदा पाणी पिऊन फुगले की पुन्हा बसत नाही. त्यावर सनमायका चढवणे म्हणजे कुजलेल्या कापडाला रंग देणे. तेथे सुतारालाच बोलवावे, पाण्यात टिकणारी प्लाय आणावी आणि त्याची मजुरी घासाघीस न करता त्याच दिवशी द्यावी.

आता आमची फजिती सांगतो. घरची आठ दारे होती, प्रत्येक २४ इंच उंच, १८ इंच रुंद. सनमायकाचा पत्रा ८ फूट बाय ४ फूट. लांबीत चार, रुंदीत दोन, म्हणजे एका पत्र्यात आठही दारे बसतात असे आम्ही तोंडी सांगून मोकळे झालो. पण प्रत्येक तुकडा अर्धा इंच वाढीव कापावा लागतो, कारण चिकटवल्यावर कडा कानशीने घासून बरोबर करायच्या असतात. साडेचोवीसचे चार तुकडे ९८ इंच होतात आणि पत्रा ९६ इंचांचा! सहाच दारे निघाली. तुकडे आडवे फिरवावेत तर लाकडाच्या रेषा आडव्या जातात. दुसरा पत्रा आणला, नंबर तोच, पण लॉट वेगळा, छटेत किंचित फरक. एका लॉटचेच कापड घ्या म्हणून गिऱ्हाइकाला तीस वर्षे सांगणारे आम्ही! बेगमने अजून तो फरक दाखवायचे सोडलेले नाही. तेव्हा आधी कागदावर बेतावे आणि सर्व पत्रे एकदमच घ्यावेत.

दारे बिजागरीतून सोडवून धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने तेलकटपणा काढावा, पूर्ण वाळू द्यावे, मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंत घासावे. जुन्या सनमायकावर पांढरा गोंद धरत नाही, कारण तो वाळायला ओल शोषली जावी लागते. एस.आर. म्हणून मिळणारा रबरी गोंद दोन्ही बाजूंना लावावा आणि बोटाला चिकटेनासा झाला की पत्रा बसवावा. एकदा टेकला की हलत नाही, म्हणून मध्ये काठ्या ठेवून एका टोकापासून एकेक काढत दाबत जावे.

या गोंदाची वाफ पेट घेते. काम गच्चीवर किंवा अंगणात करावे. स्वयंपाकघरातच करणे भाग असेल तर गॅसचा रेग्युलेटर काढून ठेवावा, खिडक्या उघडाव्यात आणि बिडी-सिगारेटवाल्याला बाहेर बसवावे. यात हयगय नको. वाचवलेले पैसे मग दवाखान्यात जायचे.

नवे हँडल आणि सैल बिजागऱ्या त्याच वेळी बदलून घ्याव्यात. आमच्या दुसऱ्या पत्र्याचा बराच भाग उरला होता. तो दुकानाच्या गल्ल्याला लागला. त्या हंगामाचा सुरतेचा माल आम्ही रोखीने उचलला.